भविष्यवादी की संदेष्टा?

हिब्रू ‘नबी’साठी मराठी बायबलमध्ये ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन्ही शब्द आढळतात. हा केवळ पर्यायी शब्दांचा प्रश्न नाही. त्यांतून वाचनाच्या दोन नैतिक भूमिका सूचित होतात. भविष्यवाद्याचे वचन वाचक घटनांशी जुळवून पाहतो. संदेष्ट्याचे वचन मात्र वाचकालाच जाब विचारते.

या दोन भूमिकांतील अंतर मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या इतिहासात ठळकपणे दिसते. ठाण्यातील या समाजाचे ‘शाअर हाशामायिम’ हे सिनेगॉग १८७९ चे आहे. १९४८ नंतर महाराष्ट्रातील बहुसंख्य बेने इस्रायल क्रमाक्रमाने इस्रायलला गेले. चारही दिशांना विखुरलेल्यांना एकत्र आणण्याविषयीचे यशयाचे वचन त्या काळातील ज्यू स्थलांतरांना लावले जात होते. परंतु १९६० नंतर तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात बेने इस्रायलांच्या वंशपरंपरेविषयीच शंका घेतली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने त्यांचे ज्यूपण निःसंदिग्धपणे मान्य केले. वचनातील ‘विखुरलेले’ कोण, याचा निर्णय संहितेने केला नव्हता. तो धर्मसत्तेने आणि राजसत्तेने केला.

वचन वर्तमानाला लावताना त्याचे कोणते अंग वगळले जाते, हेही पाहावे लागते. आमोसच्या नवव्या अध्यायाचा शेवट, लोकांना त्यांच्या भूमीत पुन्हा रुजवण्याचा, वारंवार स्मरला जातो. त्याच अध्यायात देवाने इस्रायलला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांनाही कफतोराहून आणले, असे प्रतिपादन आहे. शत्रूच्या स्थलांतरामागेही तोच देव आहे, हे विधान मात्र विसरले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातील युद्धाविषयी बोलताना पंतप्रधान बेंजामिन नेतन्याहू यांनी यशयाचे भविष्य साकार करण्याची भाषा केली. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात रक्ताने माखलेल्या हातांची प्रार्थना देव नाकारतो, आणि ते हात परक्यांचे नसून स्वजनांचे आहेत.

म्हणून प्राचीन वचनाचे उपयोजनच अनैतिक ठरते काय? तसे मानल्यास वचन केवळ पुराणवस्तू होऊन राहील. प्रश्न उपयोजनाच्या दिशेचा आहे. जे वाचन वाचकाला निर्दोष आणि प्रतिपक्षाला दंडनीय ठरवते, ते संदेष्ट्याला सत्तेचा भाट बनवते. ही कसोटी ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू अशा प्रत्येक धर्मग्रंथवाचकाला लागू पडते.

ठाण्यातील बेने इस्रायल कुटुंबे आजही मलिद्याच्या विधीत एलियाहू हन्नबीचे स्मरण करतात. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांच्या ताटाभोवती आळवला जाणारा हा नबी बायबलमध्ये राजा अहाबासमोर उभा राहतो. नाबोथाचा जीव घेऊन त्याचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या स्वतःच्याच राजाला तो जाब विचारतो. भूमीच्या वादात नबीचे नाव घेणाऱ्याने नाबोथाचे नावही घेतले पाहिजे.