अंजिरांचें पोटीस



हिज्कीया राजा मरणोन्मुख असतां देवानें त्याला बरें करण्याचें वचन दिलें, हें आपणांस ठाऊक आहे. तथापि वचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्यानें अंजिरांचें पोटीस आणवून गळवावर बांधविलें (2 राजे 20). त्यामुळें वचनावरील विश्वास उणा झाला, असें कोणीं म्हटलें नाहीं. मग फटफटीवरून किंवा झाडावरून पडून ज्याच्या डोक्याला मार लागला, आणि जखम भरल्यावर ज्याचें मन खचलें, त्यानें खिन्नतेवरील गोळी घेतली म्हणजे आमच्या मंडळ्यांत कुजबूज कां व्हावी?

असा मनुष्य धड जेवत नाहीं, पहांटे उठून भिंतीकडे पाहत बसतो, उपासनेस येत नाहीं. कोणी म्हणतो भूत लागलें. कोणी म्हणतो प्रार्थना कमी पडली. (हें दुसरें बोलणें आम्हांस अधिक निष्ठुर वाटतें.) वास्तविक मेंदूला धक्का बसला म्हणजे मनास तोलून धरणारे त्याचे व्यवहारही बिघडूं शकतात, शिवाय काम सुटतें, आठवण दगा देते, कर्ज वाढतें. अमेरिकेंतील सिॲटल येथें अशा 559 रुग्णांची वर्षभर पाहणी झाली. तिचा वृत्तांत 2010 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिकांस त्या वर्षांत केव्हांना केव्हां खिन्नतेचा रोग जडला. इतक्या जणांचा विश्वासच ढळला, असें का म्हणावयाचें?

गोळीविषयीं मात्र खरें तेंच सांगूं. सर्ट्रालीनसारखीं औषधें पुष्कळदां दिलीं जातात. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधीं अधिकही लागतात, आणि आरंभीं मळमळ होऊं शकते. म्हणून आठ दिवसांत पुडी फेकूं नये, आणि बरें वाटलें म्हणून आपल्याच मनानें एकाएकीं बंदही करूं नये. दारूसारखें व्यसन यांचें लागत नाहीं. पण प्रत्येकास गुण येतोच असेंही नाहीं. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या एका परीक्षेंत सर्ट्रालीन घेणारे सुधारले, आणि औषध नसलेली गोळी घेणारेही जवळजवळ तितकेच सुधारले. म्हणून डॉक्टर कधीं औषध बदलतात, कधीं बोलण्याचा उपचार जोडतात. मार लागल्यानंतर फिट आली असेल तर तें त्यांस आधींच सांगावें, कारण खिन्नतेवरील कांहीं औषधांनीं फिट येण्याचा संभव वाढतो. शेजाऱ्याची उरलेली गोळी तर मुळींच घेऊं नये.

एलीया झुडुपाखालीं मरण मागून निजला, तेव्हां दूतानें त्यास दटाविलें नाहीं. भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें. उपदेशक बंधूंनीं तसेंच करावें. प्रार्थना थोडक्यांत करावी, बसावें मात्र पुष्कळ वेळ. त्याच्या बायकोसही तिचें कसें चाललें आहे तें विचारावें. जो मरणाची भाषा बोलतो त्याला एकटें सोडूं नये. घरांतील कीटकनाशकाचा डबा दुसरीकडे ठेवावा, 14416 ह्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विचारावें, आणि त्याच दिवशीं त्याला जिल्हा रुग्णालयांत न्यावें. गाडीभाडें नसेल तर तें मंडळीच्या दानपेटींतून द्यावें.