अर्पण वेदीपाशीच राहू दे

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असता ट्रॉलीच्या वरच्या थरावर केवळ नजर फिरवून बोली लावणारा व्यापारी विरळाच. तो हात खोल घालतो, तळचे दोनचार कांदे वर काढतो, दाबून पाहतो आणि मगच भाव उच्चारतो. शेतकऱ्यालाही यात आपला अवमान झाला असे वाटत नाही, कारण वरचा थर बहुधा देखणा असतो, हे उभयतांस ठाऊक असते. ख्रिस्ती उपासनेत भक्ताकडून नेमकी अपेक्षा कोणती, या प्रश्नाचा विचार करताना मला हा तळाशी जाणारा हात वारंवार आठवतो.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, येशूने याविषयी एक विलक्षण आज्ञा केली आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या मनुष्यास जर तेथेच आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर त्याने ते अर्पण तसेच ठेवून माघारी जावे, प्रथम भावाशी समेट करावा आणि मग परत यावे, असा तिचा आशय आहे. येथे ज्याच्या मनात राग आहे त्याला बोलावलेले नाही. ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे त्यालाच उठविले आहे. आपण कोणाला क्षमा केली याची यादी मनुष्य आवडीने बाळगतो. परंतु आपल्या नावावर कोणाच्या दफ्तरी काय बाकी निघते, याचे विस्मरण त्याला सोयीचे असते. हे विस्मरण वेदीपाशी मोडते, हीच त्या स्थळाची खरी शक्ती होय.

यावर कोणी म्हणेल की, मग उपासनेची आवश्यकताच काय, सदाचार पुरेसा नाही काय? परंतु आज्ञेत अर्पण रद्द केलेले नाही; ते तेथेच ठेवावयाचे आहे आणि त्याच्याकडे परत यावयाचे आहे. शिवाय, ती आठवण बाजारात झाली नाही, घरी झाली नाही, ती देवासमोर उभे राहिल्यावर झाली, हे विसरता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, भावाने समेट नाकारला तर? मला वाटते, त्याचे मन वळविणे हे कोणाच्याही ताब्यात नाही. मात्र त्याच्या दारापर्यंत चालत जाणे आपल्या ताब्यात आहे, आणि जाब विचारला जाईल तो त्या चालण्याचा.

या कसोटीचे मराठीतील सर्वांत प्रांजळ उदाहरण आपल्याच परिसराशी निगडित आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला सोबत न घेता. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यामुळे आलेला आकांत आणि वियोगाची वर्षे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहेत. ज्या निष्ठेने एक मनुष्य वेदीपाशी गेला, त्याच निष्ठेने त्याच्या घरात एक मोठी तक्रार निर्माण केली होती, हे मान्य करण्यात टिळकांचा उपमर्द नाही. त्यांचा मोठेपणा पुढे दिसतो. पत्नी परत आल्यावर तिचे सोवळे, तिचा वेगळा स्वयंपाक त्यांनी सोसला, धर्माची सक्ती केली नाही. आणि जातिभेद ईश्वराचा की मनुष्याचा, याचा निवाडा लक्ष्मीबाईंनी आपल्या बुद्धीने केल्यावर 1900 साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिले, कीर्तन दिले, देशी वळण दिले, याचा गौरव यथार्थच आहे. तथापि अभंगाच्या चालीवरही वरवरची भक्ती सुखाने गाता येते. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले, तेव्हा चालीपलीकडचे काहीतरी त्यांना हवे होते, हे स्पष्ट होते.

आज अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी उपासक एकमेकांस शांती देतात. रीत सुंदर आहे; पण हात पोहोचतो तो शेजारच्या बाकापर्यंत. ज्याचा बांध आपण हातभर सरकविला, ज्या मजुराची द्राक्षछाटणीची मजुरी अडवून ठेवली, ज्या भावाशी वाटणीपासून अबोला आहे, तो बहुधा त्या बाकावर नसतो. तेव्हा येत्या रविवारी प्रार्थनेत असे एखादे नाव अनाहूत आठवले, तर वाचकहो, चित्त विचलित झाले म्हणून खंत करू नका. अर्पण तेथेच राहू द्या आणि त्याचे घर गाठा. उपासना तोवर थांबेल.