दार लावावे की उघडावे ?

मनुष्याने स्वतःस जपावे ते कोठपर्यंत, हा प्रश्न खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबापुढे नित्य उभा असतो. गावात कोणी टोचून बोलतो, जत्रेच्या दिवशी दारूचे आमंत्रण येते. अशा वेळी आपल्याच आळीत दार लावून बसावे, असे पुष्कळांस वाटते. ह्याविषयी एका मुक्या प्राण्यापासून आपणांस बोध घेता येईल.

अमेरिकेच्या पूर्वेकडील रानांत एक लहान कासव राहते. त्यास पेटी-कासव म्हणतात. लिनीयस नामक स्वीडिश पंडिताने १७५८ साली त्यास शास्त्रीय नाव दिले. त्याची लांबी बहुधा ५-६ इंच असते. पाठीवरचे कवच घुमटासारखे उंच असून ते निराळे घर नव्हे, तर कणा व बरगड्या ह्यांशी एकजीव झालेले हाडच होय. पोटाखालच्या कवचास मध्ये आडवी बिजागरी असते. शत्रूची चाहूल लागताच हे कासव मान व पाय आत घेते आणि त्या कवचाचे पुढचे व मागचे असे दोन्ही भाग वर ओढते. मग कोल्ह्याच्या दातास शिरण्याजोगी फट उरत नाही.

ही देवाची योजना पाहून त्याची स्तुती करावी. परंतु तेथेच थांबू नये. पिलाची बिजागरी आरंभी चालत नाही. काही वर्षे ते पालापाचोळ्यात लपून राहते. म्हणून विश्वासात जो नवा आहे, त्यास मोहाशी झुंजण्यास एकटे सोडू नये. तसेच पाळलेले कासव अति खाऊन लठ्ठ झाले, म्हणजे त्याचे अंग आत मावत नाही व दार लागत नाही. चैनीस सोकावलेल्या मनुष्याचा संयम ऐन वेळी असाच निकामी ठरतो.

तथापि मुख्य गोष्ट ही की, पेटी बंद असता कासवास एक पाऊल टाकता येत नाही, की एक घास मिळत नाही. गोगलगाई, अळंबी व रानफळे ह्यांसाठी त्यास मान बाहेर काढावीच लागते. ते हिंडते म्हणूनच त्याने खाल्लेल्या फळांचे बी दूर पडून रुजते. आणखी असे की, सडकेवर भिऊन ते बंद होऊन बसले, तर मोटारीच्या चाकाखाली चिरडून मरते. जे दार कोल्ह्यापासून तारते, तेच येथे घातास कारण होते.

कोणी म्हणेल, उघडे राहिलो तर जखम होईल. होईल खरी. पण प्रभू येशूचे उदाहरण पाहा: अरण्यात त्याने सैतानास दार लावले, विहिरीवर शोमरोनी स्त्रीस मात्र ते उघडले. तर बंधुभगिनींनो, दार मोहास लावावे, शेजाऱ्यास लावू नये. ज्याने काल शिवी दिली, त्याच्या घरी आज तापकरी असेल, तर आपणच पाणी घेऊन जावे. आपल्या दारास बिजागरी आहे, की आपण त्यास खिळे ठोकले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.