अंमल कोणाचा?



गेल्या एकादशीस भजन आटोपल्यावर एका तरुण सभासदाने आम्हांस विनोदाने विचारले, "षड्रिपूंपैकी मद तर गुजरातेत सरकारनेच बंद केला आहे, मग आपण पाचांशीच लढायचे ना?" मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. कारण त्यात दारू आणि मद हे दोन्ही एकच धरले होते.

आपली मराठी या बाबतीत फार चोखंदळ आहे. दारूची झिंग, भांगेची तार, यशाची धुंदी, सत्तेचा कैफ, पैशाचा माज. जसा पदार्थ तसा शब्द! खुद्द 'मद' शब्द वाईटच आहे असेही नव्हे. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरतो तो मद, आणि देवाच्या कपाळी लावावयाची कस्तुरी तीही मृगमदच. पण आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो तो 'अंमल' हा शब्द. राज्य चालते तोही अंमल आणि नशा चढते तोही अंमल. काठियावाडात तर अफूलाच अमल म्हणतात. आपल्या देहाच्या गादीवर दुसरा कोणी येऊन बसला, एवढाच या शब्दाचा अर्थ. तो बाटलीतूनच आला पाहिजे असे नाही.

दारूबंदीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. १९४९ चा मुंबई राज्याचा मद्यनिषेध कायदा १ मे १९६० नंतरही गुजरातेने चालू ठेवला. खानदेशातून उधना-लिंबायतेस मागाच्या कामाला आलेल्या कित्येक मायभगिनींच्या घरी पगार शाबूत पोचतो, त्यात या कायद्याचाही वाटा आहे असे आम्ही मानतो. तरी जुलै २०२२ मध्ये याच राज्यात, बोटाद भागात, मिथेनॉल मिसळलेल्या दारूने चाळीसहून अधिक माणसे दगावली. कायदा दुकान बंद करतो. तहान बंद करणे त्याच्या हाती नाही.

तहान कशी सुटते याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. १९२२ च्या नोव्हेंबरात येथील आदिवासी गावांत सलाबाई देवीचा संचार सुरू झाला. ज्यांच्या अंगात देवी येई त्यांच्या मुखाने आज्ञा होई की दारू सोडा, ताडी सोडा, रोज स्नान करा. हजारो लोक जमत आणि सोडीतही! ताडाची झाडे दारात उभी असताना सोडीत. शिपाई नव्हता, दंड नव्हता. पुढे पुष्कळांचा नेम सुटला हे खरे. पण काही घराण्यांनी तो पाळला. येथेही माणसे देहभान विसरलीच होती. मात्र भानावर आल्यावर त्यांचे हात स्वच्छ झालेले होते. कीर्तनात डोलणारा आणि गुत्त्यात डोलणारा यांतला भेद आम्ही असाच ओळखतो : डोलणे थांबल्यावर तो घरी कसा येतो, हे त्याच्या लेकरांना विचारावे.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिरास च्यवनाची कथा सांगतात. अश्विनीकुमारांनी वृद्ध च्यवनास तारुण्य दिले, म्हणून शर्यातीच्या यज्ञात त्याने त्यांना सोमाचा भाग देऊ केला. इंद्र संतापला. हे तर वैद्य, माणसांत हिंडणारे. यांना आमच्या पंक्तीला बसवता? त्याने वज्र उचलले. च्यवनाने त्याचा हात जागीच थिजवला आणि यज्ञातून एक राक्षस उभा केला, ज्याचा एक जबडा भूमीवर तर दुसरा आकाशाला टेकलेला. त्याचे नाव मद.

लक्षात घ्यावे, इंद्राने तेव्हा काही प्राशन केले नव्हते. त्याला चढली होती ती पंक्तीची. मालकाला कारागिराविरुद्ध, जुन्या सभासदाला नव्या बिऱ्हाडाविरुद्ध चढते तीच! (आमच्या कार्यकारिणीत ती कधी चढलीच नाही, असे शपथेवर सांगण्याची आमची तयारी नाही.) इंद्र शरण आल्यावर च्यवनाने त्या मदाचे भाग करून मद्य, स्त्रीलोलुपता, द्यूत आणि मृगया यांत वाटून टाकले. म्हणजे मद्य हे मदाचे मागाहून मिळालेले बिऱ्हाड. तो जन्मला तेव्हा समोर होता तो वज्र उगारलेला हात.

त्यानंतर च्यवनाने सोम दिला तो इंद्रालाही आणि अश्विनीकुमारांनाही, एकाच यज्ञात.