वानप्रस्थाचा करारनामा

कुरुक्षेत्राचं युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र पंधरा वर्षं पांडवांच्याच आश्रयाला राहिला. युधिष्ठिरानं त्याला काही कमी पडू दिलं नाही. भीम मात्र त्याच्या कानावर पडेल असं टोचून बोलत असे. अखेर धृतराष्ट्रानं वनात जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी मुलांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागितलं, तेव्हाही भीमानं मोडता घातला. आश्रमवासिक पर्वातली ही हकिगत आहे.

धृतराष्ट्राचे अपराध मोठे होते. तरीही प्रश्न उरतो: माणसाचं म्हातारपण दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडावं का? ज्या घरात युधिष्ठिर असतो, त्याच घरात भीमही असतो.

हाच प्रश्न आज घराबाहेरही उभा आहे. पुणे परिसरात ज्येष्ठांचे खासगी निवासप्रकल्प आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. काही ठिकाणी सदनिका विकत घेता येते. काही ठिकाणी मोठी अनामत आणि दरमहा शुल्क भरून खोली मिळते. जेवण, साफसफाई, आजारपणातली मदत त्यातच. कायद्याच्या दृष्टीनं या दोन प्रकारच्या रहिवाशांत मोठं अंतर आहे. विकत घेणाऱ्यामागे स्थावर मालमत्ता व्यवहारांचं नियमन करणारा रेरा कायदा उभा राहतो. त्या कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी लिफ्ट, रुंद दारं, न घसरणारी फरशी, आधाराचे दांडे यांचे किमान निकषही ठरवून दिले. पण जागा भाड्यानं घेणाऱ्याला रेराच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल, तर परिस्थिती आणखी अवघड. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलं आणि नातेवाइकांच्या जबाबदारीविषयी बोलतो, आणि सरकारी वृद्धाश्रमांची तरतूद करतो ती निराधारांसाठी. स्वतःच्या पैशानं खासगी निवासात राहणारा ज्येष्ठ या साऱ्यांच्या मधल्या फटीत सापडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याच्या उपयोगी पडू शकतो, कारण निवास आणि भोजन ही त्या कायद्यानं मान्य केलेली सेवा आहे. मात्र रोज रात्री औषध हातावर ठेवणाऱ्या माणसाविरुद्ध ऐंशीव्या वर्षी तक्रार लिहायला वेगळंच धैर्य लागतं.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकू येतो. उतारवयात हक्काची भाषा कशाला? हा तर मोह सोडण्याचा काळ. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो तो प्रसंग इथे आठवावा. आधी मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात मालमत्तेची वाटणी करून देण्याचं तो बोलतो. मैत्रेयी धनाऐवजी अमृतत्वाचं ज्ञान मागते. तो तिचा निर्णय, कारण त्या धनावर तिचा हक्क आधी मान्य झालेला आहे. जे आपलं आहे तेच माणूस सोडू शकतो. खोलीवर ज्याचा काहीच अधिकार नाही, त्याला ती रिकामी करायला लावली तर त्या घटनेत वैराग्य कुठेच नसतं; ते निव्वळ बाहेर काढणं असतं. त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो. संस्थेनं तो गृहीत धरून आपले नियम बेतणं हा अन्याय आहे.

संस्थाचालकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. स्मृतिभ्रंश वाढला किंवा चोवीस तास शुश्रूषा लागू लागली, तर प्रत्येक ठिकाणी ती शक्य नसते. महागाई वाढते, शुल्क वाढवावं लागतं. म्हणून तर अटी आधीच लिहिलेल्या हव्यात. सेवा करणाऱ्याचा जिव्हाळा लेखी करारानं आटत नाही; उलट भीती गेल्यावर रहिवासी मोकळेपणानं बोलू लागतो.

निवृत्तांच्या निवासांसाठी केंद्रानं २०१९ मध्ये दिलेल्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनी विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि सदनिका घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करार सुचवला आहे. तशीच तरतूद अनामत भरून राहणाऱ्यांसाठीही कायद्यानं बंधनकारक व्हायला हवी: जागा सोडायला किमान किती महिन्यांची नोटीस, अनामत किती दिवसांत परत, शुल्कवाढीची मर्यादा काय, आणि इथे आता राहता येणार नाही हे संस्थेबाहेरचा कोणता डॉक्टर ठरवणार. सोबत करारात रहिवाशांची समिती आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन यांचा उल्लेख हवा. आणि हा सारा मजकूर मराठीत, चष्म्यातून सहज वाचता येईल एवढ्या अक्षरांत, सहीच्या आधी हातात पडायला हवा.