कुंभेश्वराने कोणाला वाचवलं?

गाजा चक्रीवादळ १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नागपट्टणम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्यावर आदळलं आणि पट्टुकोट्टै, पुदुकोट्टै करत पश्चिमेला निघून गेलं. कुंभकोणम त्या वाटेच्या उत्तरेला. आमच्याकडे रात्रभर वारा घोंगावला, वीज गेली, फांद्या मोडल्या, आणि सकाळी दूधवाला उशिरा का होईना पण आला. नऊच्या सुमारास शेजारच्या मामी आदिकुंभेश्वराचं दर्शन घेऊन आल्या, माझ्या हातावर विभूती ठेवली आणि म्हणाल्या, “कुंभेश्वराने वाचवलं गं.”

मी विभूती लावली. ते वाक्य मात्र अजून घशाखाली उतरलेलं नाही.

वेदारण्यमलाही शिवच आहे. वेदारण्येश्वर. तोही पुरातन, त्याच्यावरही नायन्मार संतांनी पदं गायली आहेत, त्याच्याही दारात रोज दिवे लागतात. आमच्या शिवाने आम्हाला वाचवलं असेल तर त्यांच्या शिवाने त्या पहाटे काय केलं? दोन्ही एकच म्हणावं तर प्रश्न आणखी अवघड होतो. मग त्या एकाच देवाने नकाशावर बोट फिरवून कुंभकोणम वगळलं आणि वादळाच्या वाटेतल्या पेरावूरणीच्या नारळबागांवर ठेवलं, असं म्हणावं लागतं. मामींना असं काही म्हणायचं नव्हतं. सुटकेचा सुस्कारा टाकायला माणसाला देवाचं नाव लागतं, एवढंच. पण सुस्काऱ्याचं तत्त्वज्ञान झालं की ते दुसऱ्याच्या घरावर पडतं.

मी मूळची वाईची. लग्न होऊन तंजावरच्या मराठी घराण्यात आले आणि वादळ म्हणजे काय ते इथे शिकले. वाईला पाऊस आषाढात येतो आणि त्याला डोंगर अडवतात. इथला खरा पाऊस दिवाळीच्या पुढेमागे, ऐप्पसी-कार्तिकात, उलट्या दिशेने, बंगालच्या उपसागराकडून येतो आणि त्याला अडवायला टेकाडही नाही. समुद्र इथून साठेक किलोमीटर. चक्रीवादळाला समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ लागते. जमिनीवर चढलं की रसद तुटते आणि ते दमायला लागतं. त्यामुळे आमच्यापर्यंत येताना त्याचा वारा थोडा थकलेला असतो, पाणी मात्र थकत नाही. २००८ साली निशा वादळ कारैकलजवळ आलं, तेव्हा ओरत्तनाडला एका दिवसात ६६ सेंटीमीटर पाऊस पडला. ओरत्तनाडला काही किनारा नाही. कुंभकोणम तर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये बसलेलं. ‘आम्ही आतल्या भागातले’ या वाक्यावर इथे फार दिवस झोपता येत नाही.

म्हणून दिवाळीचा फराळ डब्यात गेला की माझी दुसरी तयारी सुरू होते. गच्चीवरची पन्हाळं साफ करून घ्यायची, नाहीतर छत तळं होतं. मागच्या अंगणातल्या माडावर माणूस चढवून सुकलेले झाप आणि तयार नारळ उतरवून घ्यायचे. वाऱ्यात सुटलेला नारळ तोफगोळ्यासारखा येतो. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की टाकी भरायची, शिवाय घरातले सगळे पितळी हंडे. दिव्यांचं आणि भांड्यांचं दुकान असल्याचा हा एक फायदा. जादा सिलेंडर, काडेपेट्या, मेणबत्त्या, सासऱ्यांची रक्तदाबाची औषधं, कॉफीची पूड. शेवटच्या वस्तूला हसू नका. कुंभकोणमच्या घरात वीज नसली तर चालते.

बातमीच्या बाबतीत आमच्या घरात तीन संप्रदाय आहेत. नवरा हवामान खात्याचा. मुलगा चेन्नईच्या प्रदीप जॉन यांचा. हे हौशी अभ्यासक हवामान खात्यात नसले तरी अख्खं तमिळनाडू पावसाळ्यात त्यांच्या शब्दावर छत्री उघडतं. आणि सासूबाई चित्तिरैच्या पहिल्या दिवशी, तमिळ नववर्षाला, पंचांगात ऐकलेल्या वर्षफलाच्या. तिघांचं एकमत झालं की मी झाप उतरवायला माणूस बोलावते. झालं नाही तरी बोलावतेच.

गाजाच्या आधी सासूबाईंनी मला हटकलं होतं. “एवढं साठवतेस, देवावर भरवसा नाही का तुझा?” हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. त्यांच्या मते तयारीला एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की ती नास्तिकता होते. आयुष्यभर त्यांनी तसंच निभावलं आणि नीट निभावलं, हेही खरं.

मी त्यांना त्यांच्याच गावाची गोष्ट सांगितली. प्रलय येणार हे कळल्यावर ब्रह्मदेव शिवाकडे गेला: सगळं बुडालं तर पुन्हा सृष्टी कशातून करू? शिवाने त्याला ‘माझ्यावर भरवसा ठेव’ असं सांगितलं नाही. कुंभ घडव, म्हणाला. पवित्र ठिकाणची माती घे, त्यात अमृत भर, सृष्टीची बीजं आणि वेद ठेव, वर नारळ ठेव, जानवं गुंडाळ. तो कुंभ प्रलयात तरंगत इथे येऊन थांबला. मग किराताच्या रूपात शिवाने बाण मारून तो फोडला. ज्या जागी जे पडलं तिथे देऊळ झालं: नारळाचं अभिमुखेश्वर, जानव्याचं गौतमेश्वर, आणि कुंभाचं तोंड जिथे गेलं ते कुडवासल. उरलेल्या मातीत सांडलेलं अमृत कालवून शिवाने लिंग केलं, तोच आदिकुंभेश्वर. मातीचं लिंग, त्यामुळे त्याच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही; पुनुगु, म्हणजे जवादी मांजराचं सुगंधी द्रव्य लावतात. पुराच्या गोष्टीतून जन्मलेला हा देव, आणि त्यालाच पाण्यापासून जपावं लागतं! रोज देवळात जाणाऱ्या माणसाला यात काही दिसत नाही. मलाही पुष्कळ वर्षं दिसलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, “ती देवांची गोष्ट.” सासरे रोज दासबोधाचा समास वाचणारे, तंजावरला समर्थांचे मठ आहेत आणि आमच्या घरात ती परंपरा टिकली आहे. ते आरामखुर्चीतून एवढंच बोलले की समर्थांनी यत्नाला देवाच्या जागी बसवलं आहे, तेव्हा सूनबाईला झाप उतरवू दे. वाद तिथे मिटला, प्रश्न मिटला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण ते शेवटी आहे. आपण मात्र मोजायला सुरुवातच पाचव्यापासून करतो, आणि अनेकदा तिथेच थांबतो. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला याहून कडक सांगतात, की दैव म्हणजे दुसरं काही नसून आधी केलेलाच प्रयत्न. मला वसिष्ठ जरा जास्तच निश्चिंत वाटतात. पेरावूरणीच्या शेतकऱ्याने आधी कोणता प्रयत्न कमी केला म्हणून त्याची बाग आडवी झाली? गीतेचा पाचवा क्रमांक मला जास्त प्रामाणिक वाटतो: चार कारणांत तुझा हात आहे, पाचव्यात नाही, पण पहिली चार टाळून पाचव्याचं नाव घेऊ नकोस.

कुंभकोणमने हे नाव दोनदा फार महागात घेतलं. १८ फेब्रुवारी १९९२ ला महामहमच्या स्नानपर्वात तळ्यावर चेंगराचेंगरी झाली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. लोक म्हणाले, पुण्यवान, महामहमला मरण आलं. बारा वर्षांनी, १६ जुलै २००४ ला, एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून उठलेली आग झापांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं जळून गेली. तेव्हाही ‘विधिलिखित’ म्हणणारे भेटले. छप्पर झापांचं होतं, जिना अरुंद होता, हे विधीने लिहिलेलं नव्हतं. नंतर राज्यभर शाळांवरची झापांची छपरं उतरवली गेली. महामहमच्या पुढच्या दोन पर्वांत, २००४ आणि २०१६ ला, गर्दीची आखणी बदलली आणि १९९२ ची पुनरावृत्ती झाली नाही. म्हणजे पाचव्या कारणाच्या नावावर टाकलेलं बरंच काही पहिल्या चारांतलं निघालं. अस्मानी म्हणून सोडून द्यावं आणि नीट पाहिलं तर सुलतानी निघावं, असं आपल्याकडे वरचेवर होतं.

माझ्या हंड्यांबद्दल मात्र मला तेवढा अभिमान उरलेला नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई अरसलारच्या काठी राहते. भिंती मातीच्या, वर झाप. गाजाच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, “घरी पाणी भरून ठेव, मेणबत्त्या घे.” ती म्हणाली, “ठेवीन अम्मा, पण घरच राहिलं नाही तर कुठे ठेवू?” त्या रात्री ती मुलांना घेऊन आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झोपली. तिने विचारलं म्हणून. मी आधी बोलावलं नव्हतं. घरोघर साठवणूक हा तयारीचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. ब्रह्मदेवाने कुंभात स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं. बीजं ठेवली होती, म्हणजे पुढे येणाऱ्या, अजून नसलेल्या लोकांसाठी.

हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०० च्या आसपास ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्रम् बांधलं. रामेश्वरच्या वाटेवरची ही मराठ्यांची छत्रं नुसत्या धर्मशाळा नव्हत्या. तिथे सगळ्या जातींच्या वाटसरूंना जेवण होतं, आजाऱ्यांना वैद्य होता, मुलांना शाळा होती, आणि त्यांच्या खर्चासाठी गावं लावून दिलेली होती. कंपनी सरकारने राज्य घेतलं तरी छत्रांचं उत्पन्न चालू राहावं म्हणून सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलं. राज्यापेक्षा छत्रांसाठी भांडणारा राजा, असं त्यांच्याबद्दल म्हणता येईल. कोण येणार हे माहीत नसताना शिजवून ठेवलेला भात, याला मी श्रद्धा म्हणते.

आजचे कुंभही आहेत. कावेरीच्या खोऱ्यात सांबा हंगामाचं भातपीक नेमकं नोव्हेंबरात उभं असतं, आणि पाण्याखाली गेलं की आठवड्यात कुजतं. ओडिशातल्या एका जुन्या देशी भाताच्या वाणात पाण्याखाली तग धरायचा गुण सापडला. तो घालून तयार केलेले ‘सब-वन’ वाण दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहूनही पुन्हा उठतात. सीआर १००९ सब-वन हा त्यातला आमच्या भागात लावला जाणारा. पुरात बुडवून ठेवलेलं आणि पुन्हा उगवणारं बीज! इथल्या पुराणिकांनी हे अजून कीर्तनात घेतलेलं नाही, याचं मला नवल वाटतं.

गाजात एक लाखाहून जास्त विजेचे खांब पडले. ते उभे करायला केरळातून लाइनमन आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचंच राज्य महापुरात बुडालं होतं. पट्टुकोट्टैजवळच्या एका नातेवाइकाने सांगितलं की त्यांच्या रस्त्यावरचा दिवा ज्या दिवशी लागला त्या दिवशी गावातल्या बायकांनी त्या माणसांना ओवाळलं. कृतज्ञतेला योग्य पत्ता मिळाला की ती अशी दिसते.

मामींना मी हे सगळं सांगितलेलं नाही. सांगून काय करणार, त्या विभूती आणतात ती प्रेमाने. पण वादळ चुकलं म्हणून देवाचे आभार मानणं मी सोडलं आहे. चुकलेलं वादळ कोणावर तरी पडलेलं असतं. देवाकडे मागायचंच तर वेळेवर कळावं, हात चालावेत आणि दार उघडायची बुद्धी व्हावी, इतकंच मागते.

उंच जातीचा माड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं घेतो. गाजात गेलेल्या बागांच्या जागी ज्यांनी पुन्हा उंच माड लावले, त्यांची झाडं आत्ता कुठे धरू लागली असतील. तुमच्या गावावरून एखादं वादळ टळलं आणि पिळ्ळैयारसमोर, म्हणजे गणपतीसमोर, नारळ फोडावासा वाटला, तर खुशाल फोडा. जमलं तर पेरावूरणीचा घ्या, आणि भाव करू नका.