रोजचं मोडणं, रोजचं घडणं

हे मनन जेवणानंतर तासाभराने करावं, खाल्लेला घास शरीरात कामाला लागलेला असतो तेव्हा. पाठ टेकवून बसा. हात मांडीवर सैल सोडा. एक भाग वाचावा, डोळे मिटून त्यात थोडं रेंगाळावं आणि मनाला वाटेल तेव्हाच पुढचा भाग घ्यावा. सगळं एका बैठकीत झालं नाही तरी चालेल.

आधी श्वासाकडे लक्ष द्या. त्याची लय आहे तशी राहू द्या. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर येणारी हवा थोडी निराळी असते: तिच्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. हा जास्तीचा कार्बन कुठून आला? अन्नातून. दुपारच्या ज्वारीच्या भाकरीतला, कालच्या वरणातला, कधीकाळी साठवलेल्या चरबीतला. शरीरातली १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर तिचा सुमारे ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. जे दाताखाली चावलं, गिळलं, अंगी लागलं, ते शेवटी नाकातून वाऱ्यावर जातं.

आता एक श्वास सोडा. तो सोडताना एवढंच मनात आणा: हे माझंच अन्न होतं, आणि काही काळ मीच होतो.

*

आता त्या भाकरीच्या मागे जाऊ. ज्वारीतलं पिष्ट तोंडातल्या लाळेपासूनच सुटं होऊ लागतं आणि आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं. रक्तातून ते पेशीच्या दारात येतं. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. तो रेणू चुलीत टाकला, तर त्यातली सगळी ऊर्जा एका भपक्यात उष्णता होऊन जाईल आणि कोणाच्याच कामाला येणार नाही. पेशी असं करत नाही. ती तो रेणू पायरीपायरीने सोडवते.

पहिल्या दहा पायऱ्या पेशीच्या द्रवात घडतात. प्रत्येक पायरीवर वेगळं विकर, प्रत्येक पायरीवर एक लहानसा बदल. या दहा पायऱ्यांची सुरुवात नीट पाहा. ऊर्जा मिळण्याआधी पेशीला ती खर्चावी लागते. एटीपी नावाचा रेणू हे पेशीचं ऊर्जेचं चलन. त्याचे दोन रेणू आधी ग्लुकोजवर खर्च होतात, मग चार परत मिळतात. हाती शिल्लक फक्त दोन. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे झालेले असतात आणि बरीचशी ऊर्जा अजून त्या तुकड्यांतच असते.

इथे थांबा. आपल्याला मोडणं म्हटलं की घाव आठवतो, पडझड आठवते. पेशीतलं मोडणं मात्र निगुतीचं काम आहे. त्यासाठीही आधी काही द्यावं लागतं, आणि प्रत्येक गाठ सोडवायला वेगळा हात लागतो. तुमच्या शरीरातल्या अब्जावधी पेशींत ही काळजी या क्षणी घेतली जाते आहे.

*

पुढचा टप्पा तंतुकणिकांमधला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला. त्या तीन कार्बनच्या तुकड्यातला एक कार्बन निघून जातो. उरलेला दोन कार्बनचा अंश चार कार्बनच्या एका रेणूला जोडला जातो आणि सहा कार्बनचं सायट्रिक आम्ल तयार होतं. मग एक फेरा सुरू होतो. फेऱ्यात दोन कार्बन बाहेर पडतात आणि शेवटी तोच चार कार्बनचा रेणू पुन्हा हाती येतो, पुढच्या पाहुण्याला जोडून घ्यायला तयार.

१९३७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात हान्स क्रेब्ज यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून हा फेरा मांडला. ज्यू म्हणून जर्मनीतल्या फ्रायबुर्गची नोकरी १९३३ मध्ये हातून गेली आणि ते इंग्लंडला आले होते. त्यांचं टिपण 'नेचर' या नियतकालिकाने तेव्हा घेतलं नाही. ते दुसरीकडे छापून आलं. १९५३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

या फेऱ्यातली एक गोष्ट मनात धरून ठेवण्यासारखी आहे. आत्ता आत आलेले दोन कार्बन याच फेरीत बाहेर पडत नाहीत. या फेरीत जे बाहेर जातात, ते त्या चार कार्बनच्या रेणूत आधीपासून असलेले. नवा आलेला थांबतो, जुना जागा देतो, आणि आजच्या नव्याची पाळी पुढच्या कुठल्यातरी फेरीत येते.

आणखी एक गोष्ट. या फेऱ्यातून चहूकडे वाटा फुटतात. सायट्रिक आम्लापासून चरबी घडवायची सामग्री निघते. फेऱ्यातल्या दुसऱ्या दोन रेणूंपासून अमिनो आम्लं बनतात, म्हणजे प्रथिनांचे घटक. एका रेणूपासून हिमोग्लोबिनमधल्या 'हीम'ची सुरुवात होते, ज्याच्यामुळे रक्त लाल दिसतं. जिथे अन्न मोडलं जातं, तिथूनच शरीर घडवायचं साहित्य उचललं जातं. मोडण्याचा कारखाना एकीकडे आणि घडवण्याचा दुसरीकडे, अशी वाटणी इथे नाही. वाट एकच, गरजेप्रमाणे ती इकडे वळते किंवा तिकडे.

या विचारात जरा बसा. आयुष्यातही आपण या दोन गोष्टी फार तोडून पाहतो का, हा प्रश्न मनात आला तर येऊ द्या. उत्तराची घाई नको.

*

आता पुन्हा श्वास, या वेळी आत येणारा. त्यातला ऑक्सिजन कुठे जातो?

फेऱ्यात अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. प्रत्येक हस्तांतरात थोडी ऊर्जा सुटते आणि तिच्या बळावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. शेवटच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो थकलेले इलेक्ट्रॉन स्वीकारतो, प्रोटॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. छातीत भरून घेतलेला ऑक्सिजन अशा रीतीने आपल्या आत पाणी होऊन राहतो. त्याने इलेक्ट्रॉन घ्यायचं थांबवलं, तर मागची सगळी साखळी तुंबते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात.

पटलापलीकडे जमलेल्या प्रोटॉनना परत यायचं असतं. त्यांच्यासाठी वाट असते ती एटीपी घडवणाऱ्या प्रथिनातून. प्रोटॉन आत शिरतात तसा त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गरगर फिरतो, आणि त्याच्या एका पूर्ण फेरीला तीन एटीपी तयार होतात. पटलापलीकडच्या प्रोटॉनच्या साठ्यावर हे काम चालतं, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. अनेकांना ती बराच काळ पटली नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या प्रथिनाला एक चमकता तंतू जोडला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिला.

एटीपीची ओळख माणसाला १९२९ मध्ये झाली. जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्नायूंमध्ये शोधलं. शरीरात एका वेळी असलेलं सगळं एटीपी गोळा केलं तरी ते फार तर पाव किलो भरेल. पण ते सतत मोडतं आणि सतत नव्याने जुळतं, इतकं की दिवसभरात घडलेल्या एटीपीचं वजन जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाएवढं होतं.

हे वाचताना तुमची पापणी लवली असेल. तेवढ्यासाठीही एटीपीचे असंख्य रेणू मोडले आणि पुन्हा जुळले. शरीर ऊर्जेचा मोठा साठा या रूपात करत नाही. त्याचा भरवसा पुन्हा पुन्हा घडवण्यावर आहे.

*

आता दृष्टी थोडी मोठी करू. रक्तातल्या तांबड्या पेशीकडे पाहा. तिच्यात तंतुकणिका नसतात. ती ऑक्सिजन वाहून नेते, पण त्यातला कणही स्वतःसाठी जाळत नाही. तिचं भागतं त्या पहिल्या दहा पायऱ्यांवर आणि हाती येणाऱ्या दोन एटीपींवर. उरलेलं लॅक्टेट ती रक्तात सोडते. यकृत ते उचलतं आणि त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवतं. तांबड्या पेशीला दोन एटीपी मिळाले होते. यकृताला परत घडवायला तेवढ्याच ग्लुकोजमागे सहा लागतात. निव्वळ हिशेब केला तर हा तोट्याचा व्यवहार. तरीही तो अहोरात्र चालतो, कारण त्यावर एका पेशीचं जगणं आहे आणि त्या पेशीवर बाकी सगळ्यांचं.

कोणीतरी आपल्या मिळकतीपेक्षा जास्त खर्चून आपल्याला उभं केलेलं असतं. ते चेहरे आठवले, तर त्यांच्याजवळ थोडं थांबा.

*

आता या मननाच्या गाभ्याशी येऊ.

पूर्वी असं मानत की मोठ्या माणसाचं शरीर म्हणजे एकदा उभं राहिलेलं यंत्र. अन्न हे इंधन, ते जळतं, आणि यंत्राची थोडी झीज भरून निघते. क्रेब्ज यांच्याप्रमाणेच फ्रायबुर्गहून १९३३ मध्ये बाहेर पडलेले रुडॉल्फ शोएनहायमर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे त्यांना जड हायड्रोजन आणि जड नायट्रोजन हाती मिळाले. हे अणू वागायला नेहमीसारखेच, पण वजनावरून ओळखू येणारे. त्यांनी जड नायट्रोजन घातलेलं ल्युसीन हे अमिनो आम्ल पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातलं. उंदरांचं वजन स्थिर होतं. यंत्राची कल्पना खरी असती, तर तो नायट्रोजन बहुतेक सगळा मूत्रातून बाहेर पडला असता. तीन दिवसांनी पाहिलं तर त्यातला निम्म्याहून अधिक शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसला होता. वजन जिथल्या तिथे आणि आतलं द्रव्य मात्र बदललेलं. शोएनहायमर १९४१ मध्ये वारले. त्यांची व्याख्यानं १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि शरीर स्थिर असल्याची समजूत मोडली.

आज आपल्याला माहीत आहे की प्रौढ माणूस दिवसाला साधारण पाव किलो किंवा थोडं अधिक प्रथिन मोडतो आणि जवळपास तेवढंच नव्याने घडवतो. खाण्यातून येणारं प्रथिन याहून पुष्कळ कमी असतं. म्हणजे बरीचशी नवी बांधणी आपल्याच जुन्या द्रव्यातून होते. पेशी स्वतःचे निकामी भाग कसे वेढून, विरघळवून पुन्हा वापरते, हे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींत उलगडलं. २०१६ चं नोबेल त्यासाठी होतं.

शेणाने सारवलेली जमीन आठवा. ती वर्षानुवर्षं तशीच दिसते, ती कोणीतरी दर काही दिवसांनी हात फिरवतं म्हणून. महिनाभर हात थांबला की भेगा पडतात. आपला देह तसा आहे. आरशात कालचाच चेहरा दिसतो, कारण रात्रभर आत कोणी थांबलेलं नव्हतं.

हाताच्या पंजाकडे पाहा. हा मी, असं आपण सहज म्हणतो. या पंजातलं द्रव्य येत-जात असतं: कुठलं चार दिवसांसाठी, कुठलं चार महिन्यांसाठी, कुठलं वर्षानुवर्षं. टिकते ती रचना, आणि रचना टिकते ती श्रमांनी. 'मी' या शब्दाखाली हे सगळे श्रम आहेत, असं क्षणभर मानून पाहा. अभिमान थोडा हलका होतो का? आणि शरीराविषयीची माया थोडी वाढते का?

*

शेवटचा विचार जरा जड आहे. तो टाळू नये.

मृत्यूनंतर मोडणं थांबत नाही. पेशींतली विकरं काही काळ आपलं काम करत राहतात. थांबतं ते घडवणं. ऊर्जा येईनाशी होते, प्रोटॉन पुन्हा पटलापलीकडे जात नाहीत, आणि मोडलेलं परत जुळत नाही. म्हणून जिवंत असणं म्हणजे घडवण्याने मोडण्याची साथ न सोडणं.

ही साथ कशावर अवलंबून असते? पुढ्यात येणाऱ्या घासावर. एकादशीच्या उपासात यकृतातली सुमारे १०० ग्रॅम साखरेची शिदोरी उपयोगी पडते, चरबी कामाला येते, आणि दुसऱ्या दिवशी पारणं असतं. पण ज्याच्या घरात पारणंच नाही, त्याचं शरीर मेंदूला ग्लुकोज पुरवण्यासाठी स्वतःचे स्नायू मोडू लागतं. उपासमार लांबली तर हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही. वाढत्या वयाच्या लेकराच्या बाबतीत तर जे घडायचं होतं तेच घडत नाही. तिथे मोडणं आणि घडणं यांचा मेळ तुटतो, आणि तो तुटण्याचं कारण पेशीत नसतं. ते शिध्यात असतं, मजुरीत असतं, अंगणवाडीतल्या रिकाम्या पातेल्यात असतं.

म्हणून हे मनन स्वतःपाशी संपवू नका. आपल्या देहातली ही अखंड मेहनत एकदा कळली, की दुसऱ्याच्या ताटातला घास ही दयेची बाब राहत नाही. त्याच्याही पेशी याच पायऱ्यांनी, याच फेऱ्यांनी, याच काळजीने काम करतात. त्यांना लागणारं साहित्य त्यांच्यापर्यंत पोचलंच पाहिजे, आणि ते पोचवणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.